फोनचाही टंच पाहा

चांदी कशी घ्यावी हे हुपरीच्या माणसाला कोणी शिकवायला नको. हातात पट्टी आली की तिचा टंच किती, घट किती जाईल आणि मजुरी काय पडेल याचा हिशेब येथील कारागीर उभ्या उभ्या करतो. हातकणंगले तालुक्यातील हे गाव पैंजणांसाठी देशभर ओळखले जाते, ते या पारखीच्या जोरावरच. परंतु हाच पारखी माणूस दसरा-दिवाळीच्या तोंडावर मोबाईलच्या दुकानात शिरला की त्याची पारख उंबऱ्याबाहेरच राहते. दुकानदार कॅमेरा दाखवतो, हा कॅमेरा पाहतो. दुकानदार म्हणतो, 'आत्ता एक रुपयाही देऊ नका, फक्त येथे सही करा', आणि हा सही करतो. पंधरा-वीस हजारांची दुसरी कोणती वस्तू आपण इतक्या सहजपणे घरी आणतो काय?

फोन ही श्रीमंतांची चैन आहे, गरिबाने तिच्या नादी लागू नये, असा उपदेश करण्यासाठी हा लेख नाही. तो काळ केव्हाच मागे पडला. २६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झाले आणि घरी बसून नोंदणी करायची तर आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी यावा लागतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींची शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरून भरावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या महिलांना ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा स्वतःचा ओटीपी आणि त्याबरोबर पती किंवा वडिलांचाही ओटीपी मागितला गेला. ज्या विधवेकडे ना पती, ना वडील, तिने कोणाचा ओटीपी आणायचा, हा प्रश्न आधी बायकांनी विचारला आणि मग तो शासनाला सुचला. सांगायचे एवढेच की ज्याच्या हाती चालू फोन नाही, त्याच्यासाठी शासनाचे दार आज अर्धे बंद आहे. म्हणूनच कोणता फोन घ्यावा आणि जुना केव्हा बदलावा, हा प्रश्न आता हौसेचा राहिलेला नाही, तो हक्काचा आणि पोटाचा झाला आहे.

मग फोनचा टंच कोणता? कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हा टंच नव्हे. पाठीमागचा चकाकता रंग तर मुळीच नव्हे. तो मुलामा होय. फोनचा खरा टंच म्हणजे कंपनी त्या फोनला सुरक्षा अपडेट किती वर्षे देणार आहे. फोन चालवणाऱ्या प्रणालीत सतत नवनवी छिद्रे सापडत असतात. ती बुजवण्याचे काम अपडेट करते. अपडेट बंद झाले तरी फोन चालतो, बोलणे होते, गाणी वाजतात. परंतु घराच्या दाराची कडी मोडलेली असते. लग्नपत्रिकेच्या किंवा सरकारी योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फाईली लोकांची बँक खाती रिकामी करतात हे आपण वाचतो. अशी फाईल उघडूच नये हे खरेच, परंतु कडी नसलेल्या घरात चोराचे काम अधिक सोपे होते हेही तितकेच खरे. पुढे एक दिवस असा येतो की अ‍ॅपच त्या फोनला ओळख देत नाही. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ किंवा त्याहून जुन्या फोनांवर व्हॉट्सअ‍ॅप बंद झाले, हे त्याचे उदाहरण.

कंपन्यांना जास्त वर्षे अपडेट देता येत नाही असे नाही. गूगलने २०२३ साली पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ साली एस २४ साठी सात वर्षांचे वचन दिले. ते महागडे फोन झाले, असे कोणी म्हणेल. परंतु सॅमसंगनेच २०२४ साली आणलेल्या ए १६ ५जी या मध्यम किमतीच्या फोनालाही सहा वर्षांचे वचन दिले आहे. याच किमतीत दोन-तीन वर्षांवर हात झटकणारे फोनही बाजारात आहेत. अमुक कंपनीचाच फोन घ्या, असे सांगण्याचा हेतू येथे नाही. जे एकाला जमते ते दुसऱ्याला का जमत नाही, हे ग्राहकाने दुकानात विचारले पाहिजे. युरोपीय संघाने तर हे कंपनीच्या मर्जीवर ठेवलेलेच नाही. २० जून २०२५ पासून तेथे कायदा लागू झाला आहे. एखाद्या फोनची विक्री कंपनीने थांबवल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट द्यावे लागते, सात वर्षे सुटे भाग मिळावे लागतात आणि बॅटरी आठशे वेळा चार्ज केल्यावरही तिची ऐंशी टक्के क्षमता टिकावी लागते. त्याच कंपन्या येथे येऊन फोन विकतात. तेथील ग्राहकाला जे कायद्याने मिळते, ते येथील ग्राहकाने मात्र भिकेसारखे मागायचे काय?

आता साधा हिशेब करू. एक फोन बारा हजारांचा आणि त्याला दोन वर्षे अपडेट. दुसरा अठरा हजारांचा आणि त्याला सहा वर्षे. पहिला महिन्याला पाचशे रुपयांना पडला आणि दुसरा अडीचशेला. दुकानात स्वस्त दिसलेला फोन घरी आल्यावर दुप्पट महाग निघाला. अर्थात वर्षे मोजायची ती फोन आपण विकत घेतो त्या दिवसापासून नव्हे, तर तो बाजारात आला त्या दिवसापासून. दोन वर्षांपूर्वीचा फोन सेलमध्ये स्वस्त मिळाला तर त्याची दोन वर्षे आधीच संपलेली असतात. चालू फोनची माहिती सेटिंगमध्येच मिळते. शेवटचे सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्याचे आहे ते तेथे लिहिलेले असते. ते अलीकडचे असेल, बॅटरी दिवसभर टिकत असेल आणि आवश्यक अ‍ॅप चालत असतील, तर शेजाऱ्याने नवा घेतला म्हणून आपला बदलण्याचे काहीही कारण नाही. केवळ बॅटरी थकली असेल तर फोनाऐवजी ती बदलावी.

दुसरी गोष्ट घराघरातील आहे आणि ती थोडी बोचणारी आहे. घरात नवा फोन आला की तो कोणाच्या हाती जातो? बहुतेक घरांत कमावत्या पुरुषाच्या किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या. त्याचा जुना फोन धाकट्याकडे येतो आणि काच फुटलेला, अपडेट बंद पडलेला, सर्वांनी वापरून सोडलेला फोन शेवटी घरातील बाईकडे जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत, स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्केच निघाल्या. उरलेल्या जवळजवळ निम्म्या बायांना तोही नाही. आणि आज शासनाचे पैसे कोणाच्या खात्यावर येतात? लाडक्या बहिणीचे दीड हजार तिच्या खात्यावर आणि बचतगटाचा व्यवहारही तिच्याच नावावर. घुंगरू भरण्याचे, कड्या जोडण्याचे काम घरी बसून करणाऱ्या बाईची मजुरीही आता अनेकदा फोनवरून येते. म्हणजे ज्या फोनमध्ये घरातील सर्वांत नाजूक पैसा आहे, तोच फोन घरातील सर्वांत असुरक्षित. तिचा ओटीपी मुलगा वाचतो, तिचा पिन नवऱ्याला ठाऊक असतो. स्त्रीमुक्तीची भाषणे आपण खूप ऐकली आहेत. परंतु घरात नवा फोन आल्यावर तो प्रथम तिच्या हातात देऊन, पिन तिला स्वतः ठरवू देण्याचे काम किती घरांनी केले? फोन बदलायचा असेल तर ज्याचा फोन सर्वांत जुना त्याचा आधी बदलावा. हा नियम साधा आहे आणि न्यायाचा आहे.

तिसरी गोष्ट हप्त्याची. हुपरीतील बहुसंख्य कारागिरांची कमाई मजुरीवर आहे. चांदीचा भाव ऑक्टोबर २०२५ मध्ये किलोला दीड लाखाच्या पुढे गेला. परंतु चांदी मजुराची नसते, भाव वाढला म्हणून त्याची कमाई त्या प्रमाणात वाढत नाही. उलट भाव भडकला की गिऱ्हाईक हात आखडते आणि कामाला खाडा पडतो. अशा कमी-जास्त कमाईवर दरमहा ठरलेला हप्ता बसवणे म्हणजे डोक्यावर टांगती तलवार होय. त्यात 'शून्य व्याज' ही पाटी. समजा फोन पंधरा हजारांचा आहे, रोख घेतला तर साडेतेरा हजारांना मिळतो. हप्त्यावर घेतला तर अडीच हजारांचे सहा हप्ते आणि वर प्रक्रिया शुल्क, करासह ५९० रुपये. रोखीने १३,५०० आणि हप्त्याने १५,५९०. हे दोन हजार नव्वद रुपये व्याज नव्हे तर काय? दर काढला तर तो महिन्याला साधारण साडेचार टक्के येतो. गावच्या सावकाराने हा दर लावला असता तर आपण त्याच्याविरुद्ध मोर्चा काढला असता. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नसते, ती रक्कम कोठेतरी लपवलेली असते. पाटी मात्र आजही झळकते आहे.

तेव्हा सही करण्यापूर्वी एक कागद मागावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासाठी बँकेने किंवा वित्तसंस्थेने मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहावा लागतो आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते. आपल्याला ते मराठीत मागण्याचा अधिकार आहे. अ‍ॅपवरून कर्ज घेतले असेल तर किमान एक दिवसाच्या आत, दंड न भरता, मुद्दल आणि तेवढ्या काळाचे प्रमाणशीर व्याज भरून त्यातून बाहेर पडता येते. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला आपल्या फोनमधील फोटो आणि संपर्कयादी उघडण्याची मनाई आहे. तरीही यादी मागितली तर तो सावकार नसून खंडणीखोर आहे असे समजावे. हप्ता थकला तर फोन दुरूनच बंद करण्याची मुभा कर्ज देणाऱ्यांना असावी काय, याचा विचार २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेत चालू होता. या विचाराला संघटनांनी ठाम विरोध नोंदवला पाहिजे. टीव्हीचा हप्ता थकला तर टीव्ही बंद होईल. परंतु फोन बंद झाला तर मजुरी, शिष्यवृत्ती, दवाखान्याचा नंबर आणि पोलिसांना करायचा फोनही बंद होतो. २,५०० रुपयांसाठी माणसाचे सर्व व्यवहार गोठवण्याचा अधिकार कोणत्याही धनकोला असता कामा नये.

हप्ता नको म्हणून अनेकजण वापरलेला फोन घेतात. त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु बिलाशिवाय घेऊ नये. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबले की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. केवायएम लिहून, जागा सोडून तो आकडा १४४२२ या क्रमांकावर पाठवला, किंवा संचार साथी पोर्टलवर घातला, की तो फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे काय हे समजते. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असूनही तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. स्वस्तात मिळालेल्या फोनापायी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवणारी गरिबांची पोरे वकिलांना नवीन नाहीत.

नवा फोन बिघडला आणि दुकानदार 'कंपनीकडे जा' म्हणाला, तर हात हलवत परत येऊ नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. बिल न देणे हीच मुळात त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पूर्वी विक्रेता जेथे असेल तेथे तक्रार करावी लागे. आता ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगातही ती करता येते. म्हणजे ऑनलाईन मागवलेला फोन बंगळूरच्या कंपनीचा असला तरी हुपरीच्या माणसाने कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात दाद मागावी. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करावा. कायदा आहे, परंतु तो वापरणारा नसेल तर तो पुस्तकातच राहतो.

जुना फोन सोडण्यापूर्वी दोन गोष्टींकडे कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे. पहिली म्हणजे पुरावा. जातीवाचक शिवीगाळीचे रेकॉर्डिंग, मजुरी बुडवणाऱ्याचा संदेश, धमकीचा व्हिडिओ जुन्या फोनमध्ये असतो. नवा फोन येतो, जुना बदलीत दुकानदाराला जातो आणि खटला उभा राहतो तेव्हा हातात उरते ती कोणीतरी पुढे पाठवलेली प्रत. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ उपकरणच मालकाने साक्षीत हजर केले तर गोष्ट वेगळी, अन्यथा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे. म्हणून ज्या फोनमध्ये पुरावा आहे तो निकाल लागेपर्यंत विकू नये, बदलीत देऊ नये, पुसू नये. बदलीत मिळणाऱ्या हजार-दीड हजारांपेक्षा त्याची किंमत कितीतरी मोठी असू शकते. दुसरी गोष्ट नंबरची. फोन बदला, परंतु आधारला आणि बँकेला जोडलेला नंबर बदलू नका. नव्वद दिवस न वापरलेले सिम बंद होऊ शकते आणि तो नंबर पुढे परक्याला मिळू शकतो. मग आपला ओटीपी त्याच्या घरी वाजतो.

आणि अगदी निरुपयोगी झालेल्या फोनचे काय? चांदीच्या धंद्यात कारखान्याचा केरही कोणी फेकत नाही, कारण त्यात चांदी असते. फोनमध्येही चांदी, सोने, तांबे असते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातील २२.३ टक्क्यांचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद झाली. उरलेला बराचसा गरीब वस्त्यांतच जाळला, फोडला जातो. एका फोनातील चांदी एका ग्रॅमचीही नसते. ती काढण्यासाठी घरच्या भट्टीत किंवा तेजाबात पट्ट्या घालण्याचा मोह कोणी करू नये. त्यातील शिसे आणि विषारी धूर मुलांच्या फुप्फुसात जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी ही जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. कंपनीच्या सेवा केंद्राला जुना फोन घ्यायला लावावा.

येथवर ग्राहकाने काय करावे ते सांगितले. परंतु सर्व भार एकट्या ग्राहकावर टाकून शासनाला मोकळे सोडता येणार नाही. वापरणाऱ्याला न विचारता फोन निवडला की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१९ साली राज्य शासनाने सुमारे एक लाख अंगणवाडी सेविकांना फोन दिले. ते अवघ्या दोन जीबी रॅमचे होते. पुढे २०२१ मध्ये केंद्राचे पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आले. फोन तापू लागले, अडकू लागले, दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनातून करण्याची वेळ सेविकांवर आली आणि अ‍ॅपमधील माहिती इंग्रजीतून भरण्याची सक्ती झाली. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी ते फोन राज्यभर शासनाला परत केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. या आंदोलनाकडे वेतनवाढीच्या मागणीइतके लक्ष गेले नाही, पण त्याचा अर्थ मोठा होता. निकृष्ट हत्यार देऊन चोख काम मागू नका, असे त्या भगिनींनी शासनाला ठणकावून सांगितले. चांदी कारागिराला बोथट हत्यार देऊन नक्षी मागता येते काय?

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले. त्याआधी २०१९ साली केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातील विद्यार्थिनी फहिमा शिरीन हिच्या याचिकेवर इंटरनेट हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. हक्क न्यायालयाने मान्य केला, परंतु त्या हक्काची किल्ली मात्र ग्राहकाने अठरा टक्के जीएसटी भरून विकत घ्यायची. १ एप्रिल २०२० रोजी मोबाईलवरील हा कर बारावरून अठरा टक्के झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अनेक वस्तूंचे कर उतरले तेव्हाही फोनचा उतरला नाही. चांदीच्या पैंजणावर तीन टक्के आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या साधनावर अठरा टक्के, हा कोणता न्याय?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. कोणत्याही योजनेसाठी फोन हा एकमेव मार्ग असता कामा नये. नगर परिषदेत, तलाठ्याकडे आणि महाविद्यालयात कागदावर अर्ज घेणारी खिडकी उघडी राहिलीच पाहिजे. फोनच्या खोक्यावर अपडेटची शेवटची तारीख मोठ्या अक्षरात छापली पाहिजे. दुरुस्ती किती सोपी आहे याचा निर्देशांक फोनवर द्यावा, यासाठी नेमलेल्या केंद्राच्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. तो धूळ खात पडता कामा नये. आणि ठरावीक किमतीपर्यंतच्या साध्या फोनवरील कर शासनाने उतरवला पाहिजे.

या मागण्या मान्य होईपर्यंत आपल्या हाती जे आहे ते तरी करू या. येत्या सणाला दुकानात जाताना घरातील सर्वांनी मिळून जावे, कोणाचा फोन खरोखर बदलायला हवा ते आधी ठरवावे, शक्यतो रोख पैसे साठवून घ्यावा आणि दुकानदार कॅमेरा दाखवू लागला की त्याला पहिला प्रश्न विचारावा, 'याला अपडेट कोणत्या सालापर्यंत?' ज्या गावात टंच न पाहता चांदी घेणाऱ्याला लोक हसतात, त्या गावाला हा प्रश्न विचारणे अवघड जाऊ नये.